वॉर्डातल्या टॅबवर रुग्णाचे नाडी, तापमान असे आकडे भरले की संगणकच धोका सांगतो, मग नर्सच्या तपासणीची गरज उरते का?

उरते, आणि पूर्वीइतकीच. संगणक फक्त नर्सने मोजलेल्या आकड्यांना गुण देऊन बेरीज करतो आणि मर्यादा ओलांडली की सूचना देतो. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत त्यासाठी 'न्यूज २' ही गुणपद्धत आहे (रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स, २०१२, सुधारित २०१७). श्वासगती, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, रुग्ण किती शुद्धीवर आहे ते आणि तापमान यांना प्रत्येकी ० ते ३ गुण. रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी २. समजा श्वास मिनिटाला २२, नाडी ११२, तापमान ३८.४ सेल्सिअस, बाकी सगळं ठीक. एकेक आकडा पाहून कुणी धावपळ करणार नाही, पण गुण होतात २, २ आणि १, म्हणजे ५. आणि ५ झाले की डॉक्टरांनी तातडीने बघायलाच हवं. रात्रपाळीच्या गडबडीत हातानं केलेली ही बेरीज चुकू शकते, खरा फायदा तिथेच. मात्र श्वास मिनिटभर न मोजता सवयीने १८ लिहिला, तर संगणक तेच खरं धरतो. शिवाय १६ वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी ही पद्धत नाही. गुण कमी असूनही रुग्ण बरा वाटत नसेल, तर नर्सने डॉक्टरांना बोलवायचंच.