कंठ खाली दाबून बोललं तर आवाज भारदस्त होतो का?

होतो, पाच मिनिटं. "माझा आवाज बारीक आहे, फोनवर लोक ताई म्हणतात, कंठमणी खाली दाबून बोलायची सवय लावू का?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि मला आमचे मामा आठवले, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव खानदेशात, चोपड्याकडचं. मामांचं वहीगायनाचं मंडळ होतं; वही म्हणजे आमच्याकडची डफावर म्हणायची लोकगाणी. अकरावीत असताना मी त्यात डफ वाजवायचो आणि मागे झील धरायचो. कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या उत्सवाच्या रात्री गल्लीतल्या सगळ्या बायाबापड्यांसमोर मामा मला म्हणाले, "बाईसारखं काय गाई राह्यना? पोटमाईन काढ!" बाया हसल्या. झालं. हनुवटी छातीला टेकवली, कंठ खाली रेटला आणि घोगरं गाऊ लागलो. मामा खूश. रात्री दोनच्या सुमारास वरचा सूर घ्यायची वेळ आली. दाबलेला कंठ एकदम वर चढला, गळा आवळला आणि आवाज फाटला. सकाळी विसर्जनाला तोंडातून नुसती हवा. पुढचा आठवडाभर घरात पाणी हवं असलं की तांब्या वाजवायचो.

जळगावच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं. स्वरपट्ट्या, म्हणजे गळ्यातल्या ज्या पट्ट्या हलून आवाज होतो त्या, सुजल्या होत्या, गाठ नव्हती. नंतर आवाजाच्या व्यायामाच्या बाई भेटल्या. त्यांनी कंठमण्यावर बोट ठेवायला लावलं: आवंढा गिळला की वर जातो, जांभई दिली की खाली येतो. कंठमण्यामागचं स्वरयंत्र खाली आलं की त्याच्या वरची, ओठांपर्यंतची नळी लांबते (पुरुषात ती साधारण १७ सेंटीमीटर असते) आणि तोच सूर भरीव, गडद ऐकू येतो. वर चढलं की नळी आखडते, आवाज चपटा आणि चिरका लागतो. पण सूर उंच की खालचा, हे मुख्यतः स्वरपट्ट्यांची लांबी, जाडी आणि ताण ठरवतात. पुरुषाच्या बोलण्यात त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा हलतात, बाईच्या दोनशेच्या आसपास. कंठ दाबून तुमच्या पट्ट्या काही जाड होत नाहीत. जांभईत कंठ आपसूक खाली येतो आणि गळा मोकळा राहतो. जिभेच्या मुळाने रेटून आणला तर गळा आवळतो, आवाज बेडकासारखा होतो. मी तेच केलं होतं.

आणि मामा, पोटातून आवाज निघत नाही! पोट फक्त श्वासाला आवर घालतं, आवाज गळ्यातच होतो. हे मी त्यांना वीस वर्षं सांगतोय. गंमत म्हणजे मामा स्वतः पेटीच्या काळी पाच या उंच सुरात गायचे, टिपेला, अगदी बारीक. त्यांना कोणी बाईसारखं म्हटलं नाही, कारण मंडळ त्यांचं होतं.

तुम्ही अर्धी जांभई घेऊन "हूं" म्हणत गुणगुणा. ओठांना झिणझिण्या आल्या की त्याच आवाजात "हॅलो" म्हणा. माझा फायदा झाला, पण फोनवर अजूनही कोणीतरी मला मॅडम म्हणतंच. हो, एक राहिलं: वयात येऊनही आवाज पोरासारखाच राहिला असेल, तर त्यावर वेगळा इलाज असतो, डॉक्टरांना विचारा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर असले प्रयोग बंद करून दुर्बीण करून घ्या. तंबाखू खात असाल तर तेवढंही थांबू नका. मामांना हे सांगितलं, तर म्हणाले, "तुना डॉक्टर वही गास का?"