वाचकांचे प्रश्न : बक्षीस संपताच माणसे का पांगतात?

प्रश्न : आमच्या वाचनालयाने दोन वर्षांपूर्वी जुनी पुस्तके, स्मरणिका व दिवाळी अंक स्कॅन करून आणि त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये आणून ऑनलाइन ग्रंथालय उभारण्यास सुरुवात केली. पहिल्या सभेला ४० स्वयंसेवक आले. उत्साह टिकावा म्हणून दरमहा सर्वाधिक पाने तपासणाऱ्यास आम्ही स्मार्टवॉच जाहीर केले. तीन महिने पानांचा पाऊस पडला. बक्षीस बंद होताच माणसे पांगली. आज सहाजण उरले आहेत आणि तपासलेल्या पानांत चुका तशाच आहेत. स्वयंसेवकांना टिकवावे कसे?
— एक कार्यवाह, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपण नमुन्यादाखल पाठवलेली पाने पाहिली. एकाच पानावर ‘रवरे’, ‘रवेळ’ आणि ‘धर’ असे शब्द राहिले आहेत. जुन्या टायपातल्या ‘ख’चे, स्कॅनमधली अक्षरे ओळखून मजकूर बनवणाऱ्या यंत्राने ‘र’ आणि ‘व’ असे दोन तुकडे केले आणि ‘घ’चा ‘ध’ केला, हे मूळ छपाईशी ताडून पाहणाऱ्याच्या पहिल्याच ओळीत लक्षात आले असते. ज्याने हे पान ‘तपासले’ म्हणून पुढे ढकलले त्याला मात्र मी दोष देणार नाही. आपण पाने मोजत होता, म्हणून त्याने पाने दिली. चुका काढत वाचायचे तर एका पानाला वीस मिनिटे लागतात, न वाचता पुढे जायला वीस सेकंद पुरतात. मग घड्याळ कोणाच्या मनगटावर जाणार हे पहिल्याच दिवशी ठरलेले होते.

बक्षिसाने आवड वाढते हा आपला समज नवा नाही, पण तो तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला प्रशस्तिपत्राचे आमिष आधीच दाखवले, दुसऱ्याला ते काम झाल्यावर अचानक दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळी ज्यांना आमिष दाखवले होते त्या मुलांनी चित्रांना इतरांच्या सुमारे निम्माच वेळ दिला. अचानक कौतुक झालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. आपल्या ४० जणांपैकी निदान काहींना पुस्तकांची ओढ होती, म्हणूनच ते आले. त्या ओढीवर आपण किमतीची चिठ्ठी लावली.

याचा अर्थ गौरव करूच नये असा नाही. विकिपीडियावर एक संपादक दुसऱ्याच्या पानावर ‘बार्नस्टार’ नावाचे गौरवचिन्ह ठेवतो. त्याला एका पैशाचीही किंमत नसते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्का संपादकांतून २०० जण निवडून त्यांपैकी निम्म्यांना, काही न सांगता, हे चिन्ह देण्यात आले, तेव्हा पुढच्या ९० दिवसांत त्यांचे काम उरलेल्यांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी अधिक भरले. अर्थात ही माणसे मुळातच कष्टाळू होती. कालच आलेल्यावर अशी चिन्हे उधळली तर ती शाल-श्रीफळासारखी कपाटात जातील.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : प्रत्येक पानाला दुसरा वाचक द्या. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या ग्रंथालय-भावंडावर, एकाने मुद्रितशोधन केलेले पान पिवळ्या रंगात दिसते आणि वेगळ्याच व्यक्तीने पडताळल्यावरच ते हिरवे होते. या दुसऱ्या वाचकाने दोन दिवसांच्या आत पहिल्याला एक ओळ लिहावी, पण ती ‘छान काम’ अशी गुळमुळीत नसावी. “कांहीं आणि नाहीं यांवरचे अनुस्वार आपण मूळ छपाईप्रमाणे राखलेत, ते योग्यच, ‘भरणे’चे ‘मरणे’ झाले होते तेवढे मी बदलले,” असे लिहिले की आपले काम कोणीतरी अक्षरशः वाचले हे त्या माणसाला कळते. (१९६२च्या लेखननियमांपूर्वीची पुस्तके आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे ‘सुधारणाऱ्या’ उत्साही मंडळींनाही याच ओळीतून हळूच आवरता येते.) स्मार्टवॉचचे पैसे वाचतील, त्यांतून इंटरनेटचा आणि येण्याजाण्याच्या रिक्षाचा खर्च द्या. ती खर्चाची भरपाई आहे, मोबदला नव्हे. कोणाच्या सेवाभावाला तिने बाधा येत नाही.

टंकन येत नाही म्हणून ज्यांना आपण परत पाठवलेत, त्यांना पुन्हा बोलवा. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये आयुष्य घालवलेल्या आजोबांसमोर जुन्या स्मरणिकेतले समूहचित्र ठेवा. खाली न छापलेली नावे ते सांगतील, शेजारी बसलेला मुलगा उतरवून घेईल. पद्मशाली या तेलुगूभाषक विणकर समाजाच्या स्मरणिकांतील तेलुगू आडनावे कशी लिहायची, हे शहराच्या पूर्वभागातल्या घराघरांत ठाऊक आहे. शाहीर राम जोशी याच गावचे. त्यांच्या लावण्यांची पाने गाणाऱ्याच्या हाती दिलीत तर मात्रा कुठे तुटली हे त्याच्या कानालाच कळेल. पुस्तक पूर्ण झाल्यावर या सर्वांची नावे, कोणी काय केले यासह, त्या पुस्तकाच्याच माहितीपानावर द्या.

प्रश्न : राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी केवळ तास भरण्यासाठी येतात. अशांना घ्यावे का?
— एक ग्रंथपाल, सोलापूर

उत्तर : अवश्य घ्यावे. या योजनेत वर्षाला १२०, म्हणजे दोन वर्षांत २४० तास सेवा अपेक्षित असते, आणि हेतू तासांचा असला म्हणून काम खोटे ठरत नाही. महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधी बोलून घ्या, तास प्रामाणिकपणे नोंदवा आणि प्रमाणपत्रात ‘सहभाग घेतला’ असे न लिहिता कोणते पुस्तक, कोणती पाने हे लिहा. पहिल्या दिवशी भाषण नको. एक पान हातात द्यावे आणि ते हिरवे होईपर्यंत शेजारी बसावे. त्यांतले दोघे जरी नंतर टिकले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : चार महिने रात्री जागून मी एक कादंबरी टंकली आणि तपासली. नंतर लेखनहक्काच्या (कॉपीराइटच्या) कारणाने ती काढून टाकण्यात आली. आता हात लावावासा वाटत नाही.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपला राग रास्त आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. १९६५ साली निधन झालेल्या लेखकाचे, त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०२६ रोजी खुले झाले. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजावा लागतो. हा हिशेब पहिले पान वाटण्यापूर्वी आयोजकांनीच करायचा होता, आणि त्यांनी आपली लेखी क्षमा मागावी असे माझे मत आहे. लेखकाच्या वारसांची लेखी परवानगी मिळाली तर आपले काम आहे तसे पुन्हा वर चढवता येईल. तोवर त्या फाइली कोणाला पुसू देऊ नका.