टेबलावरच्या युद्धखेळासाठी टेकडी करताय का भाऊ, मग हे वाचा

भाऊ, उतार गुळगुळीत देऊ नको, 28 मिमीच्या फिगर (खेळातले छोटे सैनिक) घसरतात अन् नेमका गेम रंगात आला की पडतात, पायऱ्या-पायऱ्यांचीच कर. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल चालतो पण कापताना दाणे घरभर, दाट फोमशीट मिळाली तर सोनं. थर फेविकॉलने चिकटव, वर वजन ठेव, मधे हवा लागत नाही म्हणून दोन दिवस हात लावू नको. रंगाचा स्प्रे डायरेक्ट मारला की फोम वितळून खड्डे पडतात, आधी फेविकॉल-रेतीचा लेप दे. आकारासाठी ते युरोपातले हिरवेगार डोंगर कशाला पाहिजे रे, धुळ्याजवळ लळिंगचा डोंगर बघ, काळ्या दगडाचे आडवे थर, मधे वाळक्या गवताचे पट्टे! खाली काळा-तपकिरी रंग दे, वरून जवळपास कोरड्या ब्रशने राखाडी रंग घास.