हापूसची बाग नवी घेतलीस, आता जीआयचं एवढं कर

पेटीवर नुसतं 'अस्सल हापूस' छापून भागत नाही. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी सरकारी नोंद) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण बाग या पट्ट्यात आहे म्हणून तू आपोआप हक्कदार होत नाहीस. मानांकनाची मालकी संस्थांकडे असते, दापोलीचं कृषी विद्यापीठ त्यातलंच एक. तुला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जातो. 2020 च्या दुरुस्तीनंतर सरकारी फी अवघी दहा रुपये आहे, तेव्हा हजारो मागणारा एजंट दिसला की आधी पावती कशाची ते विचार. सातबारावर आंब्याची झाडं पीकपाहणीत लागलेली आहेत का, हे आजच बघ. अर्जाचं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं.

जीआय म्हणजे ट्रेडमार्क नव्हे. विकता येत नाही, कुणाच्या नावे करून देता येत नाही. स्वतःचा ब्रँड हवा असेल तर तो वेगळा नोंदव.

बाजारात कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत, रत्नागिरीच्या रद्दीत गुंडाळून बसलेला असतो. कापला की कळतं: साल जाड, गर केशरीऐवजी पिवळा. पण गिऱ्हाईक कापून घेत नाही ना! म्हणून पेटीवर नोंदणी क्रमांक ठळक टाक. आणि शेजाऱ्याचा माल आपल्या क्रमांकावर कधीच पाठवू नकोस, सख्खा चुलतभाऊ असला तरी.