वाचकांचे प्रश्न : आकृतीतली पेशी आणि काचपट्टीवरची पेशी

प्रश्न : आमच्या शाळेत कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पुस्तकातल्या वनस्पती पेशीच्या आकृतीत हरितलवके दाखवली आहेत, पण आम्हाला एकही हिरवा ठिपका दिसला नाही. आकृती चुकली आहे की आमची काचपट्टी?
(इयत्ता आठवीतील विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. जे दिसले नाही, ते दिसले नाही असे तू स्पष्ट लिहिलेस याचे मला फार कौतुक वाटते, कारण अनेक विद्यार्थी भिंगातून नीट न पाहताच पुस्तकातली आकृती प्रयोगवहीत उतरवतात आणि प्रयोगाचा सगळा अर्थच हरवतो.

पाठ्यपुस्तकातील आकृती ही कोणत्याही एका झाडाच्या एका पेशीची नसते. मूळ, खोड, पान, फळ अशा निरनिराळ्या भागांतल्या पेशींत जी जी अंगके (पेशीतले निरनिराळे भाग) आढळतात ती एकाच चौकटीत गोळा करून, विद्यार्थ्यांना नावे लक्षात राहावीत म्हणून ती काढलेली असते. प्रत्यक्षातली पेशी मात्र आपल्या कामापुरतीच सामग्री बाळगते. हरितलवकांचे काम प्रकाशात अन्न तयार करण्याचे. आणि आपण खातो तो कांदा म्हणजे अन्न साठवून जाड झालेले पानांचे बुडखे. ते मातीच्या आणि सुक्या सालीच्या आड, अंधारात वाढतात, त्यामुळे तिथल्या पेशींत लवके असली तरी ती रंगहीन राहतात. घरात ठेवलेल्या कांद्याला कोंब फुटला की तो उजेडात हिरवा होतो, आणि उजेडात राहिलेला बटाटाही सालीखाली हिरवा पडतो, हे तू पाहिले असशील. तिथे रंगहीन लवकांचेच हरितलवकांत रूपांतर झालेले असते.

आता तुला जे दिसले त्याकडे वळू. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा बहुधा पेशींच्या एकाच थराचा असतो, म्हणून त्यातून प्रकाश आरपार जातो आणि लांबट पेशींच्या भिंती रेखीव दिसतात. आयोडिनचा थेंब टाकल्यावर प्रत्येक पेशीत एक पिवळसर तपकिरी गोल ठिपका दिसतो, ते केंद्रक. त्याला हे नाव रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींचा अभ्यास करताना दिले. हे केंद्रक पुष्कळदा मध्यभागी नसून भिंतीला टेकलेले दिसते, कारण मधली जवळजवळ सगळी जागा रसाने भरलेल्या मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते आणि पेशीद्रव्य कडेच्या पातळ थरापुरते उरते. रिक्तिका पारदर्शक असल्याने ती थेट दिसत नाही. केंद्रकाच्या जागेवरून ती ओळखावी लागते. बटाट्याचा पातळ काप घेऊन त्यावर आयोडिन टाकले, तर पिष्टमय पदार्थांचे कण निळे-काळे होतात. कांद्यात असे होत नाही, कारण कांदा आपले अन्न पिष्टाऐवजी विरघळणाऱ्या शर्करांच्या रूपात साठवतो.

आकृतीतली आंतर्द्रव्यजालिका (पेशीतले पातळ पडद्यांचे जाळे) आणि रायबोझोम (प्रथिने बनवणारे सूक्ष्म कण) शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दिसणार नाहीत. साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखवता येत नाहीत, आणि रायबोझोम त्याहून कितीतरी लहान असतो. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. हरितलवके मात्र तुला नक्की पाहता येतील. हायड्रिला या पाणवनस्पतीचे कोवळे पान अख्खेच पाण्याच्या थेंबात ठेवून पाहा. पेशीच्या कडेने हिरवे गोल कण दाटीने बसलेले दिसतील आणि थोडा वेळ नजर स्थिर ठेवलीस तर ते पेशीद्रव्याबरोबर सरकतानाही दिसतील. ते पाहिल्याखेरीज हा धडा पुरा झाला असे समजू नकोस.

प्रश्न : आमची डाळिंबाची बाग आहे. मुलाच्या पुस्तकात रंगीत लवकांची माहिती वाचली. डाळिंबाच्या दाण्याचा लाल रंग त्याच लवकांत असतो का?
(एक पालक, सांगोला)

उत्तर : नाही. डाळिंबाचा लाल रंग लवकांत नसून रिक्तिकेतल्या रसात विरघळलेला असतो. आपण दाणा म्हणतो ती खरे तर बी असून तिच्या बाहेरच्या आवरणातील पेशी लांबच लांब वाढतात आणि त्यांच्या रिक्तिका गोड-आंबट रसाने भरतात. या रसातील लाल रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. टोमॅटोची गोष्ट वेगळी आहे. त्याचा लाल रंग, म्हणजे लायकोपिन, वर्णलवकांत, म्हणजे रंगीत लवकांत, असतो आणि तो पाण्यात विरघळत नाही.

हा फरक आपल्याला स्वयंपाकघरातच मुलाला दाखवता येईल. डाळिंबाचे दाणे पाण्यात चुरडले की पाणी लाल होते आणि गाळल्यावरही लालच राहते. टोमॅटो कुस्करून पाणी गाळले तर ते फिकट येते आणि लाली गाळणीवरच्या गरात राहते. तोच गर तेलात परतला की तेल केशरी होते. डाळिंबाच्या रसात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहावा. लाल रंग जाऊन काळपट निळसर-हिरवट छटा येते, कारण अँथोसायनिनचा लाल रंग आम्लातच टिकतो आणि रिक्तिकेतला रस आम्लधर्मी असतो.

आपण बागायतदार आहात म्हणून आणखी एक सांगतो. जमिनीतील ओलावा कमी-जास्त झाला की फळे तडकतात, यामागेही पेशींनी पाणी शोषून फुगण्याचीच क्रिया आहे: पाण्याच्या ताणामुळे साल कडक होते, मग अचानक भरपूर पाणी मिळाले की आतला भाग फुगतो आणि सालीला तितके ताणता येत नाही. पाण्याच्या पाळ्यांबाबत मात्र सोलापूरजवळ केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातील तज्ज्ञांचाच सल्ला घ्यावा.

प्रश्न : लोहित रक्तकणिकेत केंद्रक नसते, मग तिला पेशी म्हणायचे का?
(इयत्ता नववीतील विद्यार्थी, पंढरपूर)

उत्तर : होय. ही कणिका अस्थिमज्जेत तयार होत असताना तिला केंद्रक असते; ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला जास्तीत जास्त जागा मिळावी अशा रीतीने ती पक्व होताना ते बाहेर टाकते. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही तिच्यात उरत नाहीत, त्यामुळे वाहून नेत असलेला ऑक्सिजन ती स्वतः वापरत नाही. याची किंमतही तिला मोजावी लागते: तिचे विभाजन होत नाही, झीज भरून काढणारी नवी प्रथिने तिला बनवता येत नाहीत आणि माणसात सुमारे १२० दिवसांनी तिचे आयुष्य संपते. हे सस्तन प्राण्यांपुरते आहे. कोंबडीच्या किंवा बेडकाच्या लोहित रक्तकणिका लंबगोल असतात आणि त्यांत केंद्रक असते.