वाचकांचे प्रश्न : गणवेशावर स्कार्फ, गळ्यात तुळशीची माळ

प्रश्न : मुलगी महापालिकेच्या शाळेत सहावीत आहे. तिला गणवेशावर स्कार्फ बांधायचा आहे. वर्गशिक्षिका म्हणतात, कोर्टाचीच बंदी आहे. खरं काय? – एक आई, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

उत्तर : महाराष्ट्रातल्या शाळांना अशी सरसकट बंदी लागू नाही. कर्नाटकातलं निपाणी कोल्हापुरातून तासाभरावर, म्हणून तिकडचं सगळं इकडेही लागू असा समज पसरतो. ज्या आदेशावरून तिथे वर्गात हिजाबला बंदी झाली, तो कर्नाटक सरकारचा 5 फेब्रुवारी 2022 चा गणवेशाचा आदेश त्या राज्यापुरता होता. तिथल्या उच्च न्यायालयानं तो उचलून धरला, पण 13 ऑक्टोबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं परस्परविरोधी पडली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे पाठवायचं ठरलं. मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्रकरणात ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी आणि बिल्ल्यावरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. दुसरीकडे, त्याच्या वीसेक वर्षं आधी मुंबई उच्च न्यायालयानं स्कार्फच्याच वादात शाळेची बाजू मान्य केली होती. म्हणजे ‘कोर्टानं बंदी घातली’ आणि ‘कोर्टानं परवानगी दिली’ ही दोन्ही वाक्यं अर्धीच आहेत.

म्हणून गेटवर वाद घालू नका, अर्ज करा. मुख्याध्यापकांच्या नावे दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती जपून ठेवा. अर्जात नुसतं ‘स्कार्फ’ लिहू नका. बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात : शाळेच्या मनात साधा पांढरा असतो, मूल चमकीचा बांधून येतं. रंग गणवेशाचाच, कापड सुती, नक्षी नाही, चेहरा पूर्ण उघडा, टाचणी नाही, असं एकेक लिहा.

टाचणीचं महत्त्वाचं आहे. जॉर्जेट केसांवरून घसरतं, मग चार-पाच टाचण्या लागतात, आणि खो-खोत पाठीवर थाप पडली की त्याच टोचतात. डोक्यातून घालायचा होजिअरीचा शिवलेला स्कार्फ खेळाला बरा. प्रयोगशाळेत बर्नरजवळ नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, तिथे सुतीच हवा. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात कापड घेणार असाल तर गणवेशाचा तुकडा सोबत न्या; गडद निळ्याच्या छटा ताग्यागणिक बदलतात. शिवण्याआधी कापड रात्रभर भिजत घाला, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. आपल्याकडच्या पावसात दोन पुरत नाहीत, तीन शिवा.

अर्ज शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायला सांगा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. नकार आला तर तो लेखी मागा आणि महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. (शाळा जिल्हा परिषदेची असेल तर गटशिक्षणाधिकारी.) शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. तोवर मुलगी वर्गातच बसली पाहिजे. तिला दाराबाहेर उभं करणं हा मानसिक छळ ठरू शकतो आणि कलम 17 नं तो वर्ज्य केला आहे. मोठ्यांचं ठरेपर्यंत मुलांचे तास बुडतात, हे आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं.

प्रश्न : आमच्या वर्गात तुळशीची माळ, लिंगायतांचं गळ्यातलं इष्टलिंग, मनगटात दोरे आणि नवरात्रात अनवाणी येणारी मुलंही आहेत. कशाला हो म्हणावं? – एक शिक्षक, करवीर तालुका

उत्तर : खूण कुणाची, हे पाहूच नका. इजा होते का, स्वच्छता बिघडते का, मूल ओळखता येतं का, एवढंच पाहा आणि ते सगळ्यांना सारखं लावा. टिळा चालतो पण टोपी नाही, असा नियम पालकसभेत टिकत नाही, टिकूही नये. माळ आणि इष्टलिंग शर्टाच्या आत राहू दे; कबड्डीला माळ पालकांच्या संमतीनं उतरवून नाव लिहिलेल्या पाकिटात शिक्षकांकडे ठेवा. इष्टलिंग उतरवायला मात्र सांगू नका, त्या मुलाला पंच करा किंवा अंगाला न भिडणारा खेळ द्या. मनगटातले दोरे पावसाळ्यात ओले राहून खाज सुटते, तेव्हा सुकवायला सांगा, कापू नका.

अनवाणी मुलाला वर्गात अडवण्याचं कारण नाही. मैदान, स्वच्छतागृह आणि प्रयोगशाळा इथे मात्र पायात काहीतरी हवंच. काही घरांत फक्त चामडं वर्ज्य असतं, कॅनव्हासचा बूट चालतो. आधी घरी विचारा. शाहू महाराजांनी 1901 पासून या शहरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना बळ दिलं ते मुलं शिकावीत म्हणूनच. बुटावरून मूल घरी पाठवणं कोल्हापूरला शोभत नाही.

प्रश्न : परिपाठाची प्रार्थना आमच्या मुलाला म्हणायची नाही. – एक पालक, कसबा बावडा

उत्तर : लेखी कळवा. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेत सहभागाला अज्ञान मुलाच्या पालकांची संमती लागते. राष्ट्रगीताच्या वेळी मात्र आदरानं उभं राहावं. न गाता उभ्या राहिलेल्या तीन मुलांना काढून टाकणं चूक, असं सर्वोच्च न्यायालयानं 1986 मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरणात म्हटलं आहे.

प्रश्न : रोजा, पर्युषण किंवा नवरात्राचा उपवास धरलेल्या मुलांना पीटीला बसवावं का? – क्रीडाशिक्षक, इचलकरंजी

उत्तर : पळणं-उड्या टाळा; गुणलेखन किंवा वेळ मोजायचं काम द्या. उपवास कुणाचा, हे वर्गात हात वर करून विचारू नका, पालकांची चिठ्ठी घ्या. चक्कर आली तर सावलीत आडवं करा, पाय थोडे वर ठेवा आणि लगेच घरी फोन लावा. पूर्ण शुद्धीवर आल्यावर पाणी द्या, आणि अशा वेळी मूल पाणी पिईल हे पालकांकडून आधीच चिठ्ठीत लिहून घ्या.