दिल्लीची जुनी एस-क्लास पुण्यात आणावी का?

तुमचा प्रश्न असा: ९ वर्षांची दिल्ली पासिंगची मर्सिडीजची डिझेल एस-क्लास नव्या होंडा सिटीच्या भावात मिळतेय, घेऊ का? घाई करू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून अशा गाड्या तिथून स्वस्तात बाहेर पडू लागल्या. म्हणजे भाव कमी आहे म्हणून गाडी खराबच असेल, असं नाही.

पण एक गोष्ट कराच. गाडी रात्रभर सपाट जागी उभी राहू द्या आणि सकाळी कोणी सुरू करायच्या आत जाऊन बघा. एखाद्या कोपऱ्यात चाकाची कमान टायरवर टेकल्यासारखी दिसली, तर एअर सस्पेन्शनमधून, म्हणजे गाडी हवेवर तोलून धरणाऱ्या यंत्रणेतून, हवा गळतेय. मग त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसरही सतत पळून थकलेला असतो. आपल्या पेठांतल्या स्पीडब्रेकरवर त्याचं उरलंसुरलं आयुष्यही संपेल, आणि हा खर्च लाखांत जातो. माझ्या मावसभावाने नेमकं हेच पाहिलं नव्हतं, फार वाईट वाटलं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली आहे, तिथूनच परत फिरा.

कागदांत दिल्ली आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि कर्ज फिटल्याची नोंद हवी. महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स वेगळा भरावा लागेल, तो धरूनच भाव करा. जमलं तर एमएच-१२ ची, म्हणजे पुणे पासिंगची, एकाच मालकाची, सर्व्हिसची सगळी बिलं असलेली गाडी शोधा. थोडी महाग पडली तरी मी तीच घेईन.